पंढरी चव का घेत नाही

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा कागद मशीनला लावला आणि दोनदा काढून चुरगाळला. मनात म्हटलं, धर्मा, झालं ते झालं, कोणाला कळलंय? पण काल पंढरीच्या घरी जाऊन आलो आणि आता गप्प बसवत नाही.

आज रविवार. कंपनीच्या गेस्ट हाउसचे मॅनेजर घोषाल साहेब आईला मुंबई दाखवायला घेऊन गेलेत. गेस्ट हाउसात मी आणि बाहेर माळी. कंपनीने कामगारांच्या नोटिसांसाठी मराठी टाइपरायटर घेतलाय, त्याच्यावर बसलोय. चुका होतील. टायपिंग मी कुठे शिकलो नाही. ठाण्याच्या इन्स्टिट्यूटची फी परवडत नव्हती, म्हणून पुठ्ठ्यावर पेनाने कळा काढल्या आणि सहा महिने पुठ्ठाच बडवला. आई म्हणायची, पोराला वात झालाय.

इंग्रजी पण असंच. वाण्याकडे सामान बांधून येणारे जुने पेपर मी जपून ठेवायचो. त्यात बातम्यांपेक्षा जाहिराती वाचायचो, कारण जाहिराती छोट्या असतात आणि त्यात तेच तेच शब्द येतात. हॉटेलवाल्यांच्या तर पाठच झाल्या. बेअरर पाहिजे, उंच पाहिजे, इंग्रजी बोलणारा पाहिजे. कुक पाहिजे, जुन्या साहेबांच्या चिठ्ठ्या घेऊन यावे. सगळीकडे चिठ्ठ्या. ज्याने आधी कुठल्या साहेबाकडे काम केलंय त्यालाच पुढचा साहेब ठेवणार. मग पहिल्यांदा माणूस लागतो कुठे, हे कुठल्याच जाहिरातीत नसायचं.

आमच्या तुर्भ्यात तेव्हा हाच प्रश्न पडलेला. भाताची जमीन कारखान्यांना गेली, आणि कारखान्यात ठाण्याचे नाहीतर मुंबईचे लोक यायचे. आमच्या आगऱ्यांच्या पोरांना फाटकावरूनच परत पाठवायचे. अशात चौसष्ट साली कंपनीचं गेस्ट हाउस झालं. बाहेरगावचे साहेब, कधी गोरे इंजिनियर येऊन राहणार. मी ठाण्याला भाड्याच्या मशीनवर टाइप करून अर्ज टाकला. टाइप केलेला अर्ज बघून घोषाल साहेबांनी मला क्लार्क म्हणून ठेवला. गावातून पहिला मीच. तेव्हापासून गावात मला कोणी धर्मा म्हणेना. "काय साहेब" म्हणायला लागले. थट्टाच होती, पण मला आवडायची. खोटं कशाला सांगू.

मग लोक अर्ज लिहायला यायला लागले. नामदेव आला, त्याला शिपाई व्हायचं होतं. मी विचारलं, "अनुभव काय?"

"लिही, पाटलांच्या लग्नात एकट्याने पाचशे पानं वाढली."

"वाढली का खाल्ली?"

"आरं दोन्ही लिही ना!"

मी लिहिलं, पाचशे पाहुण्यांना वाढण्याचा अनुभव. साहेब हसले आणि त्याला ठेवला.

आता पंढरी. पंढरी माझा लहानपणचा दोस्त. खाडीत उड्या मारायला त्यानेच शिकवलं. पण त्याची ओळख म्हणजे त्याचा हात. हळदीला, लग्नाला, जत्रेला टोपावर पंढरी. खाडीतला जिताडा मासा त्याच्यासारखा करणारा पनवेलपर्यंत नाही. आणि त्याची एक रीत आहे, त्याच्या आज्याची, बापाची. गावदेवीचा वाटा काढल्याशिवाय शिजवलेलं जिभेला लावायचं नाही. मीठ बरोबर आहे का ते वासावर ओळखायचं. टोपावरची वाफ हाताने नाकाकडे ओढायची, डोळे मिटायचे, आणि म्हणायचं, "मूठभर अजून." कधी चुकलेला मी बघितला नाही.

सहासष्टच्या वैशाखात साहेबांना कुक हवा झाला. साहेब कलकत्त्याचे, मोठ्या हॉटेलातून आलेले, माशावाचून जेवण जात नाही. म्हणाले, "नुसत्या चिठ्ठ्या नको. प्रत्येकाने माझ्यासमोर मासा करून दाखवायचा." असं आमच्याकडे पहिल्यांदाच. मी धावत पंढरीकडे गेलो. त्याची शेती गेलेली, दोन पोरं, बायको सगुणा मिठागरावर जायची. मी म्हटलं, "चिठ्ठी लागत नाय. हात दाखवायचा फक्त."

पंढरी म्हणाला, "सायब बोलंल ते मना कसं कळंल?"

"मी हाय ना. तू बोल, मी सांगतो."

हे मी बोललो होतो. माझ्याच तोंडाने.

त्या दिवशी मुंबईहून दोन कुक आलेले. पांढऱ्या टोप्या, पांढरे कोट, खिशात चिठ्ठ्यांची पुडकी. पंढरी धुतलेला सदरा घालून आलेला, पायात काही नाही. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एक मला हिंदीत म्हणाला, "हा मासे विकायला आलाय का?" मी हसलो. का हसलो माहीत नाही. हसलो.

तिघांनी रांधलं. पंढरीने जिताडा केला, चिंचेच्या कोळात, घरून आणलेला मसाला घालून. सगळ्या गेस्ट हाउसात वास. साहेब चमचा घेऊन फिरत होते. मुंबईवाले दर दोन मिनिटांनी चमचा तोंडात घालायचे, मान हलवायचे. पंढरी नुसता वाफ ओढत होता. साहेब थांबले. मला इंग्रजीत म्हणाले, "हा चव का घेत नाही? विचार."

मी विचारलं.

पंढरी सरळ म्हणाला, "देवीला वाटा काढल्याबिगर आमी जिभेला नाय लावत. सायबांना सांग, वासावरून कळतंय मना. मीठ बरोबर हाय."

मघाचा टोपीवाला हसला. दोन वर्षं मी साहेबांना सांगत होतो की आमचा गाव आता सुधारलाय, लोकांना संधी द्या. आणि आता या लोकांसमोर मी देवी, वाटा, वास, हे सगळं इंग्रजीत सांगू? मला लाज वाटली. मी म्हणालो, "सर, तो म्हणतो की त्याला गरज नाही."

एवढंच. तीन-चार शब्दांचं काम.

साहेबांनी भुवया वर केल्या. जिताडा खाल्ला. दुसरा घास पण खाल्ला, हे मी बघितलं. मग रुमालाने तोंड पुसून म्हणाले, "हात चांगला आहे. पण ज्या कुकला स्वतःची चव घ्यायची गरज वाटत नाही तो दुसऱ्याचं काय ऐकणार? असा माणूस स्वयंपाकघर बिघडवतो." आणि पंढरीकडे बघून हिंदीत एकच शब्द, "घमंडी."

पंढरीने मला विचारलं, "आधी इंग्रजीत काय बोलला?"

मी म्हटलं, "मुंबईवाल्याकडे चिठ्ठ्या हायेत, त्याला घेतला."

म्हणजे दोनदा खोटं. एकदा साहेबांशी, एकदा पंढरीशी.

पण नामदेव दारात उभा होता. त्याला इंग्रजी कळत नव्हतं, घमंडी कळलं. दुसऱ्या दिवशी गावभर. पंढरी साहेबासमोर मस्ती करून आला. विहिरीवर बाया, पारावर म्हातारे. "काय रं पंढरी, सायबाला शिकवायला गेल्तास का?" "आता लग्नाला बोलवायचं म्हंजी तुला पालखी पाठवायला पायजे!" पंढरी सगळ्यांना सांगायचा, मी फक्त देवीचं बोललो. मग लोक म्हणायचे, "तेवढ्यावरून सायब घमंडी बोलंल काय? धर्मा होता ना तिथं, त्याला विचारा." मला विचारलं. मी म्हटलं, "साहेबांचा मूड नव्हता." त्याचा अर्थ लोकांनी लावायचा तो लावला.

त्याच लग्नसराईत पुढे दोन ठिकाणी टोपावर दुसरा आचारी. पंढरी तुर्भ्याच्या खाणीत दगड फोडायला जायला लागला.

माळी चावी मागायला आला होता. दिली. पुढे लिहितो.

मुंबईवाला कुक पाच महिने टिकला. जुहूला नवीन हॉटेल झालं, तिकडे गेला. हे पण आता असंच चाललंय. मोठ्या हॉटेलांना माणसं कमी पडतात, ती लहानांची ओढतात. साहेब वैतागले. गेल्या सोमवारी मला बोलावून जाहिरात सांगितली, मी लिहून घेतली. कुक पाहिजे, मुंबईच्या हॉटेलातला अनुभव आवश्यक. आणि खाली अजून एक ओळ. स्थानिक लोकांनी अर्ज करू नये.

मी म्हटलं, "सर, स्थानिक का नको?"

"तुझा तो मित्र आठवतो ना? एक बघितला तेवढा पुरे. ऐकत नाहीत."

मी ती ओळ टाइप केली. माझ्याच बोटांनी. एका पंढरीचं नाही राहिलं ते, सगळ्या गावाचं झालं. बुधवारी दुसऱ्या एका कंपनीच्या गेस्ट हाउसचा क्लार्क आला आणि म्हणाला, "तुमची जाहिरात द्या बघायला, आम्ही पण तशीच काढू." मी दिली नाही, म्हटलं, अजून सही व्हायचीय. सही झालेली होती. उद्या सोमवारी दुपारी नामदेव ती ठाण्याला पेपरवाल्याकडे घेऊन जाणार आहे.

आणि शुक्रवारी कोजागिरी. साहेबांची आई कलकत्त्याहून आलेली. त्यांच्यात त्या दिवशी लक्ष्मीची पूजा असते. आईने स्वयंपाकघरातून सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः तांदळाची खीर करायला बसल्या. मी बिलांवर सही घ्यायला दारात उभा. म्हातारीने भांड्यावरची वाफ हाताने नाकाकडे ओढली. डोळे मिटले. मग साखर चिमूटभर अजून घातली.



साहेब मागून आले, हसत म्हणाले, "काय बघतोस? आई चव घेत नाही. आधी देव, मग जीभ. लहानपणी मी बोट घातलं होतं भांड्यात, अशी लगावली होती तिने."

तेव्हाच बोलायला हवं होतं. साहेब खुशीत होते, आई समोर होती, याहून सोपी वेळ कुठली. मी "यस सर" म्हटलं आणि सही घेतली.

रात्रभर डोक्यात तेच. साहेबांना मी जंगली गोष्ट सांगायला लाजलो आणि ती त्यांच्याच घरातली निघाली. मी खरं सांगितलं असतं तर त्यांना लगेच कळलं असतं. माझ्याहून चांगलं कळलं असतं.

काल शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटलो आणि थेट पंढरीच्या घरी. सगुणा अंगणात सुकट निवडत होती. मला बघून म्हणाली, "आरं बापरे! सायब! वाट चुकलाव का?"

"पंढरी हाय का, वहिनी?"

"हाय ना. खाणीतली पांढरी पावडर लावून बसलाय, तुमच्या हाटेलातल्यासारका."

पंढरी ओसरीवर पाय सोडून बसलेला. केसांत, भुवयांत दगडाची धूळ. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने काय म्हटलं होतं, मी काय सांगितलं, साहेब काय बोलले, जाहिरात, खीर, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

सगुणाचा सुपावरचा हात थांबला. पंढरी खोकला, थुंकला, तोंड पुसलं.

मग म्हणाला, "म्हंजी मी इतके दिस त्या सायबाला शिव्या देत व्हतो. बोलायचो, याला देव कसा तो नाय."

"हं."

"आन देव तुला नाय."

त्याने भुवयांवरची धूळ पुसली.

"एक सांग, धर्मा. तवा तुला लाज कोनाची वाटली? देवीची का माझी?"

खोटं सांगायचं होतं. देवीची म्हटलं असतं तर त्याला कमी लागलं असतं. पण खोट्याचं काय होतं ते बघितलंय आता. मी म्हटलं, "तुझी."

सगुणा उठून आत गेली. भांडं आपटल्याचा आवाज आला. पंढरी हाताच्या घट्ट्यांकडे बघत बसला. मला वाटलं, आता हा मला हाकलेल. हाकलायलाच पाहिजे होतं. तो म्हणाला, "बस खाली. उबा राहून नको बोलू माज्याशी, सायबासारका."

मी बसलो.

"मी साहेबांना सांगतो की दुसरा चान्स द्या," मी म्हटलं. "तुझ्यासाठी शब्द टाकतो."

"शब्द नको टाकू!" तो एकदम ओरडला. आतून पोरगं बघायला आलं. "तुजे शब्द र्‍हाऊ दे तुज्याकडं. नोकरी मागू नको माज्यासाठी. मी जे बोललो व्हतो ते सांग. तेवढंच. मंग सायब ठेवो नायतर नको ठेवो."

"साहेब मला पण काढतील कदाचित."

"काडतील," पंढरी म्हणाला. मला धीर द्यायला म्हणून सुद्धा 'नाही काढणार' असं म्हणाला नाही. "खाणीत जागा हाय."

मग मी त्याला वचन दिलं. सोमवारी सकाळी, नामदेव कागद घेऊन निघायच्या आधी, मी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहीन. नामदेवला पण आत बोलवीन, म्हणजे या वेळी गावात पण खरं तेच जाईल. आणि तुझं बोलणं, देवी, वाटा, वास, मीठ, जसं तू बोललास तसं सांगेन, पंढरी. स्वतःचं एक अक्षर घालणार नाही आणि तुझं एक गाळणार नाही.