सुरयांच्या बेटावरची मोजणी

नावेच्या बाहेरच्या अंगाला रंगवलेली पांढरी रेघ आणि पाणी यांच्यामध्ये सात सेंटिमीटर अंतर होतं. नीलाने पोलादी पट्टी पुन्हा लावून पाहिली. सातच. नावेत चार माणसं बसली की सात भरायचे, तीन बसली की नऊ. आज माणसं तीनच होती. ती स्वतः, तिच्या नवऱ्याची थोरली बहीण इंदुताई, आणि वल्ही मारणारा कोंडीराम.

"पक्षी मोजायला आलोय ना गं आपण? की नाव?" इंदुताईंनी विचारलं.

कोंडीराम हसला. त्याने तळातलं पाणी डब्याने उपसून टाकलं आणि म्हणाला, की जुनं लाकूड पाणी पितं, त्यात एवढं काय. नीलाने पुन्हा मोजलं. सात. मागच्या रिकाम्या फळीकडे न बघता तिने पट्टी पिशवीत टाकली.

एरवी पिंपरीतल्या औषधांच्या कारखान्यात ती काचेच्या बशीतले जंतू मोजायची. पवना धरणात बुडालेल्या टेकड्यांचे माथे आता बेटं झाले होते, आणि उन्हाळ्यात तिथे नदीसुरय अंडी घालत. ती आणि तिचा नवरा यशवंतराव दर एप्रिलमध्ये तीन दिवस रजा काढून, नाव घेऊन बेटाबेटांवर त्यांची मोजणी करत. तीन वर्षांपूर्वी, अशाच तिसऱ्या दिवशी, शेवटच्या बेटावरून यशवंतराव नाहीसे झाले. पाणबुडे आठवडाभर शोधत होते. काही हाती लागलं नाही.

चिंचवडला सासूबाईंचं, गोजाबाईंचं, तेव्हापासून एकच मागणं होतं. देह सापडला नाही तर करतात तसा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, पोराला सुटू द्यावं. सुनेच्या होकाराशिवाय मात्र त्या ते करणार नव्हत्या. नीला दर वेळी सांगायची, ते गेल्याचा पुरावा नाही. शेवटी या वर्षी त्यांनी लेकीलाच सोबत धाडलं होतं, उत्तर घेऊनच ये म्हणून. इंदुताई दोन दिवस त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. आज सकाळी नावेत पाय ठेवताना एवढंच म्हणाल्या, की जिन्यात पाऊल वाजलं की आई अजून ताट वाढायला उठते.

शेवटचं बेट जवळ आलं तशी कोंडीरामने वल्ही आत घेतली. मोजणी सुरू झाली की कुणी बोलायचं नाही, हाक आली तरी ओ द्यायची नाही. आकडा सुटला की सगळं पहिल्यापासून. हा नियम यशवंतरावांचाच.

नीला मोजू लागली. खडकांवर ऊन पांढरं झालं होतं आणि पक्षीही पांढरे, त्यामुळे काळ्या डोक्यांवरूनच मोजावं लागे. ती सत्तरच्या पुढे गेली असेल, तेव्हा बेटाच्या पलीकडून हाक आली.

"नीला."

फार मोठ्याने नाही. इंदुताई पदर डोक्यावर ओढून घेत होत्या, कोंडीराम तंबाखू मळत होता. दोघांनी काही ऐकल्याचं दिसलं नाही.

तीन वर्षांपूर्वी यशवंतराव बेटावर उतरले होते, तेव्हाही हाक अशीच आली होती. तेव्हा ती एकशे नव्वदवर होती, थोडेच उरले होते. तिने मोजणी पुरी केली, वहीत दोनशे चौदा लिहिले, मगच मान वर केली. खडकावर नुसत्या चपला होत्या. पोलिसांना तिने सांगितलं, काहीच ऐकू आलं नाही.

दुसरी हाक आली. नीलाने आकडा सोडून दिला.

"ओ," ती म्हणाली.

सगळं बेट एकदम उडालं. बराच वेळ पंखांशिवाय काही ऐकू येईना. पक्षी पुन्हा खाली बसले तेव्हा कोंडीरामची तंबाखू तशीच तळहातावर होती.

"कुनाला ओ दिली, बाई?"

नीला इंदुताईंकडे वळली. "वन्सं, त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली होती. मी मोजत होते. म्हणून ओ दिली नाही."

इंदुताईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला. मग त्यांनी विचारलं, "किती वेळा?"

"दोनदा."

त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, बोलही लावला नाही. नाव जागच्या जागी हळूहळू फिरत होती.

"सासूबाईंना हे मीच सांगेन, आज घरी गेल्या गेल्या," नीला म्हणाली. "आणि वन्सं, पळसाची पानं मागवा. पुतळ्याला अग्नी देऊ या."