प्रार्थनेचा विषय

चर्चच्या महिला मंडळाच्या विसावा शिबिरासाठी दोघी जावा इतरांच्या आधीच येऊन पोचल्या, कारण थोरलीचा कुणावर विश्वास नव्हता. चादरी कुणी तिरक्या घालील, खुर्च्या गोलात मांडायच्या त्या कुणी रांगेत मांडील, उशीवर ठेवायची वचनांची कार्डं कुणी उलटी ठेवील. मंडळातल्या बायका पाठीमागे तिला हेडमास्तरीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

गावाबाहेर शेतांच्या कडेला असलेलं ते एक जुनं लॉज होतं. लॉज हा शब्द पाळकबाईंना खपत नसे, म्हणून आमंत्रणात 'विश्रामगृह' असं लिहिलं होतं. खाली स्वयंपाकघर, एक मोठी बैठकीची खोली आणि झोपायची एकच खोली, तिला लागून न्हाणीघर. बाकी सगळ्या खोल्या वर, आणि वरच्या सगळ्यांना मिळून एक संडास, तोही गॅलरीच्या पार टोकाला. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर घंटा व्हायची आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही, शांततेत फक्त देवाचं ऐकायचं. ही कल्पना थोरलीचीच. बोलून बोलून दुसऱ्याचे कान किटवणाऱ्या बाईला शांततेची हौस फार.

धाकटी गुणगुणत चादरी झटकत होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर मुक्कामाला आली होती. त्या बाळंतपणाने तिचं अंग सैल पडलं होतं. हसली, शिंकली, जिना जरा भरभर चढली, की लघवी सुटायची. नवऱ्यालाही तिने हे सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एकट्या थोरलीला, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड उभं राहून, खाली मान घालून. शिबिराला ती येणारच नव्हती. थोरलीनेच तिला गळ घातली. "तू चल तर खरी. खालची खोली आपल्या दोघींना. कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही, मी आहे ना!"

हा शब्द तिने दिला आणि पुढच्याच बैठकीत मोडला. तोही डोळे मिटून, हात जोडून.

मंडळाची रीत अशी, की प्रत्येकीने आपला प्रार्थनेचा विषय सांगायचा आणि दुसरीने तो प्रार्थनेत घ्यायचा. बाकीच्या बायका 'एका बहिणीच्या अडचणीसाठी' एवढंच म्हणून मोकळ्या होत. थोरलीला त्याची चीड. देवाशी मोघम बोलायचं नाही, नेमकं मागायचं, असं ती सगळ्यांना शिकवायची. त्या दिवशी बाळाला ताप होता म्हणून धाकटी घरी राहिली होती. थोरली प्रार्थनेला उभी राहिली, तिचा सूर लागला, आणि एकदा सूर लागला की तिच्या जिभेला हाड नसे. धाकटीचं नाव, तिचं बाळंतपण, तिचं दुखणं, सगळं तिने देवाच्या चरणी ठेवलं आणि देवाबरोबर भरल्या खोलीलाही ऐकवलं. आपण काय केलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही. निघताना फाटकाशी मंडळातल्या नर्सबाईंनी तिचा हात दाबला. "बिचारी! आम्ही सांभाळून घेऊ हं तिला." तेव्हा कुठे थोरलीच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ती जागच्या जागी थिजली.

त्या दिवसापासून धाकटीला सांगायचं, सांगायचं, असं ती रोज ठरवत होती. आज तर सांगायलाच हवं होतं. बाकीच्या यायच्या आत.

"ताई, मी सकाळपासून किती हसले बघितलंत?" धाकटी उशीला अभ्रा चढवत म्हणाली. "भीतीच वाटली नाही. तुम्हाला सांगून टाकलं ना, तेव्हापासून निम्मं दुखणं पळालंय बघा."

थोरली तिच्याजवळ सरकली. "अगं, ऐक ना. एक सांगायचं होतं..."

तेवढ्यात लॉजची मालकीण दारात आली. तिच्या हातात घडी केलेलं मेणकापड होतं.

"हे गादीवर घालून ठेवा. तुमच्या पाळकबाईंचा फोन आला होता, खालच्या खोलीत कुणाला तरी लागेल म्हणाल्या." ते खुर्चीवर ठेवून ती गेलीसुद्धा.

धाकटी हातातली उशी तशीच धरून उभी राहिली. "कुणाला लागेल?"

आता सांगून टाकायला याहून चांगली वेळ कुठली होती? देवाने ताटात वाढून दिली होती. पण थोरलीच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"पाळकबाईंच्या सासूबाई येताहेत ना. वय झालं त्यांचं." आणि वर मानभावीपणे म्हणते काय, "पण तू बोलू नकोस हं कुणाजवळ."

"मी कशाला बोलू? मला नाही कळणार तर कुणाला कळणार?" धाकटीचा चेहरा एकदम मवाळ झाला. तिने मेणकापड उलगडून गादीवर घातलं, वर चादर अशी चापून बसवली की खालचं काही दिसू नये, आणि मग दोघींच्या पिशव्या उचलल्या. "चला, आपण वर जाऊ."

"वर कशाला?"

"ही खोली आजींना नको का द्यायला? मी काय, धावत जाईन टोकापर्यंत. त्या कशा जातील?"

"अगं पण तुझं..."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, ताई."

निम्म्या जिन्यात धाकटी थांबली. तिने कठडा घट्ट धरला आणि गुडघे एकमेकांना जुळवले. मागे न बघताच ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. आलेच मी." थोरली तिला वळसा घालून वर गेली. एवढं डोळ्यांनी बघूनही जिच्या तोंडून शब्द फुटला नाही, तिला काय म्हणावं? थोरली स्वतःला बरंच काही म्हणाली. पण मनातल्या मनात.

दुपारी गाडी आली. पाळकबाईंच्या सासूबाई सगळ्यांच्या आधी उतरल्या, स्वतःची बॅग स्वतः उचलून तरातरा पायऱ्या चढल्या. धाकटी लगबगीने पुढे झाली आणि तिने म्हातारीचा कोपर धरला.

"आजी, तुमची खोली खालीच ठेवलीय हं. न्हाणीघर अगदी लागून आहे."

"मला काय धाड भरलीय?" म्हातारीने कोपर सोडवून घेतला. "मी वर झोपणार, खिडकीपाशी."

धाकटीने मुळीच आग्रह केला नाही. बिचारी लाजतेय, असं तिला वाटलं असणार. तिने थोरलीकडे बघून समजुतीने मान हलवली. थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

रात्री आजींना लागलीच तर असू दे, म्हणून धाकटीही परत खाली आली नाही आणि खालची खोली रिकामीच राहिली. नर्सबाईंनी ती बघितली, वर कुणाच्या पिशव्या आहेत तेही बघितलं आणि थोरलीला स्वयंपाकघरात गाठलं.

"ती वर कशी गेली? आणि आम्हाला माहीत आहे हे तिला अजून सांगितलं नाहीस ना तू?"

"सांगते."

"घंटेच्या आत सांग. नंतर बोलता यायचं नाही."

खरं तर थोरलीच्या मनाने नेमकं हेच धरून ठेवलं होतं. घंटा झाली की सगळ्यांची तोंडं बंद. ना कुणी धाकटीला काही विचारील, ना ती कुणाला. उद्या दुपारी जेवणं, सामानाची आवराआवर, की आपापल्या घरी. तेवढं निभावलं की झालं. देवाचं ऐकण्यासाठी योजलेली शांतता तिने स्वतःची अब्रू झाकायला राखून ठेवली होती. हे तिला कळत होतं, आणि कळूनही ती कप विसळत उभी राहिली.

संध्याकाळी सगळ्या गोलात बसल्या. दाराजवळची खुर्ची बायकांनी न बोलता धाकटीसाठी मोकळी सोडली. तिने ती आजींना देऊ केली आणि आजी पुन्हा खेकसल्या. शेवटी धाकटीच तिथे बसली, थोरलीच्या डाव्या हाताला. एकेकीने एकेका गोष्टीबद्दल आभार मानायचे होते. धाकटी चारचौघांत कधी प्रार्थना करत नसे. तिची पाळी आली की ती हळूच शेजारणीला कोपर लावून पुढे सरकवायची. आज मात्र तिने डोळे मिटले.

"प्रभू, मला ताईंसारखं बोलता येत नाही," ती म्हणाली. "मला एक त्रास आहे, तो तुला माहीत आहे. मी तो एकाच माणसाला सांगितला. माझ्या थोरल्या जाऊबाईंना. त्यांनी तो पोटात ठेवला, म्हणून मी आज इथे येऊ शकले. मला सख्खी बहीण नाही. तू मला ही दिलीस. तुझे आभार मानते."

शेजारणीने आधी आमेन म्हणायचं आणि मग सगळ्यांनी, अशी रीत होती. सगळ्या थोरलीसाठी थांबल्या होत्या.

थोरलीला वाटलं, उठावं, आत्ताच्या आत्ता सगळ्यांसमोर कबूल करून टाकावं. शब्द जिभेवर आलेही. 'बहिणींनो, मी पापी आहे.' मग रडू येईल, बायका जवळ घेतील, पाळकबाई डोक्यावर हात ठेवतील. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, दाराजवळच्या खुर्चीवर, धाकटीचं दुखणं पुन्हा एकदा सगळ्यांच्या देखत उघडं पडेल. आयुष्यात पहिल्यांदाच तिने जीभ आवरली.

"आमेन," ती म्हणाली.

बाकीच्यांचं आमेन तुटक तुटक आलं. एकीने ते म्हटलंच नाही. धाकटी डोळे पुसून समाधानाने बसून होती.

घंटेआधी सगळ्या चहाला उठल्या, तशी थोरलीने धाकटीचं मनगट धरलं आणि तिला जिन्याखालच्या, धुतलेल्या चादरी ठेवायच्या खोलीत नेलं. दार लोटून घेतलं.

"ते मेणकापड तुझ्यासाठी होतं."

"पाळकबाईंना कसं कळलं?"

"मी सांगितलं. म्हणजे, प्रार्थनेत घेतलं. बाळाला ताप होता त्या दिवशी."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

"काय काय सांगितलंत?"

"सगळं."

"कोण कोण होतं?"

"आज आहेत त्या सगळ्या." थोरलीने दाराकडे बघितलं. "आजीसुद्धा."

धाकटी वळली आणि फळीवरच्या चादरींवरून हात फिरवू लागली. तिचे कान लाल झाले होते. "म्हणजे आत्ता मी जे म्हणाले, ते त्या सगळ्या..."

"हो."

"आणि मी आजींचा हात धरला, तेव्हासुद्धा त्या..."

"हो गं. चुकले मी, मला..."

धाकटीने हात वर केला आणि थोरली गप्प झाली. धाकटीने शिव्या द्याव्यात, रडावं, दार आपटून निघून जावं. थोरली सगळ्याला तयार होती, त्याने तिला बरंच वाटलं असतं. पण धाकटी तशीच चादरींच्या कडा जुळवत राहिली. बाहेर कपांचा आवाज येत होता.

"ताई," शेवटी ती म्हणाली, "खरं सांगा हं. त्या दिवशी तुमची प्रार्थना चांगली झाली का?"

थोरलीला खोटं बोलायचं होतं. आज सबंध दिवस तिला ते जमलं होतं.

"झाली," ती म्हणाली. "बायका रडल्या."

"मग तुम्हाला बरं वाटलं?"

थोरलीची मान खाली गेली.

"फार," ती म्हणाली.