जिची हरकत, तिचा सोल्डर

ही गोष्ट २०१८ सालच्या मे महिन्यातली. नोएडात श्रीपादरावांचा पॉवर सप्लाय बनवायचा कारखाना होता. दिल्लीतल्या मयूर विहारची लतिका तिथे अठरा वर्षं डिझाइन सांभाळत होती. श्रीपादराव सकाळचा पहिला चहा तिच्या टेबलाशी उभे राहून पीत. त्या वर्षी पुण्याहून संपदा आली आणि चहाचा कप पलीकडच्या टेबलाकडे वळला.

डेअरीतल्या दूध तपासायच्या यंत्रासाठी नवा सप्लाय करायचा होता. त्यात दोन स्विच आळीपाळीने चालायचे. एक पुरता बंद झाल्याशिवाय दुसरा चालू होता कामा नये, नाहीतर दोन्ही जळणार. ही पाळी लावून देते ती दोन आउटपुटांची पीडब्ल्यूएम कंट्रोलर चिप. लतिकाची नेहमीची चिप जुनी, इलेक्ट्रॉनिक्सच्या लाजपतराय मार्केटात कुठेही मिळणारी. संपदाने नवीच सुचवली; लतिकाला तिचा भरवसा वाटेना. जिची चिप ठरेल, नवा विभाग तिच्याकडे जाणार होता.

"ताई, उन्हात तुमच्या चिपची ती दोन स्विचांमधली उसंत कमी होते," संपदा म्हणाली.

"अच्छा! तू शाळेत होतीस ना, तेव्हापासून ऊन खातेय ती."

श्रीपादराव हसले. पण ते संपदाकडे बघून हसले, हे लतिकाच्या नजरेतून सुटलं नाही.

"चलो, मग नियमाप्रमाणे होऊ दे," ते म्हणाले. नियम त्यांच्या वडिलांचा: ज्या वस्तूला नावं ठेवायची, ती आधी आपल्या हाताने बोर्डावर बसवायची. म्हणजे संपदाची चिप लतिकाने आणि लतिकाची संपदाने.

सोल्डर करताना चिपचा एखादा पाय कच्चा ठेवला तर कोणाला कळणार होतं? पण लतिकाला तसं जिंकायचं नव्हतं. ती चिप स्वतःच्या दोषाने मरायला हवी होती. म्हणून तिने एकेक पाय असा जोडला, की तेवढी माया तिने आपल्या चिपलाही कधी लावली नव्हती.

भर दुपारी दोन्ही बोर्ड पत्र्याच्या पेटीत, गच्चीवर, पूर्ण लोडवर ठेवले. लतिका छत्री धरून बसली. थोड्या वेळाने आतून फट्‌कन आवाज आला. ती जवळजवळ हसतच उठली आणि तिने झाकण उघडलं.

धूर तिच्याच चिपच्या बोर्डातून येत होता.

तिने भिंग मागवलं. एखादा कच्चा जोड मिळू दे रे देवा! पण संपदाने बसवलेले सगळे पाय मोत्यासारखे होते.

"काही सापडलं, ताई?"

"नाही. हात चांगला आहे तुझा." लतिकाने भिंग खाली ठेवलं.

श्रीपादराव दुसऱ्या बोर्डावर वाकले होते. आपलाच नियम विसरून ते म्हणाले, "वा, संपदा! काय सोल्डर आहे! हा नमुना म्हणून ठेवायचा."

"सर, तो ताईंनी केलाय."

हरणं एक वेळ पचलं असतं. तिचा हा चांगुलपणा लतिकाला पचला नाही.

विभाग संपदाकडे गेला. पुढे ती बंगळुरूला मोठ्या कंपनीत गेली. श्रीपादरावांनी कारखाना मुलाच्या, सुधन्वाच्या, हाती दिला आणि ते नाशिकला जाऊन राहिले. लतिका सेवानिवृत्त होऊन मयूर विहारातच आहे. दर दिवाळीला संपदाचा न चुकता मेसेज येतो. लतिका इतर सगळ्यांना उत्तरं देते आणि मग, भाऊबीज उलटल्यावर, तिला.