राजाभाऊ व्हॅलीचा शोध

राजाभाऊ सुट्टीवरून परतले ते थेट संशोधक होऊनच. कुवेतच्या तेल कंपनीतला हा पुणेरी इंजिनिअर मित्रांसोबत सह्याद्रीत ट्रेकला गेला आणि म्हणे, कुणाचंही पाऊल न लागलेली सुपीक दरी शोधून आला. कुवेतमधल्या मराठी मंडळाने लगेच तिथल्या अब्बासिया भागातल्या हॉलवर सत्कार ठेवला.

त्यांची बायको सुनंदा मागच्या रांगेत बसली होती. दर सुट्टीला तिचं एकच मागणं असे: दोन दिवस आत्याकडे न्या. आई गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं होतं. राजाभाऊंचं उत्तर ठरलेलं, "तिथे रेंज नसते." आत्या आता थकली होती, आणि यंदाही सुनंदा सासरच्या मुंजी-बारशांतच अडकली. ते तिला फार सलत होतं.

पडद्यावर दरी उलगडली. भाताची खाचरं, भरलेला ओढा, लगडलेले फणस. "पूर्ण निर्मनुष्य!" राजाभाऊ म्हणाले. खाचरात चार माणसं चिखल तुडवत होती, पण ती धरायची नसावीत. गावाचं नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही. शोध लावणाऱ्याने नाव द्यायचं असतं, विचारायचं नसतं. दरीची झाली राजाभाऊ व्हॅली.

"आता स्थानिकांशी पहिला संपर्क!" त्यांनी व्हिडिओ लावला.

ओटीवर एक म्हातारी सगळ्यांना ताक देत होती. सुनंदा पुढे झुकून बघू लागली. ती आत्या होती. टोपी-गॉगलमधला जावई तिला ओळखू आला नव्हता. लग्नानंतर तो दिसलाच कधी?

"कुवेतात असता व्हय?" आत्या विचारत होती. "आमची नर्मदा पण तिकडंच हाय. भेटती का तुमास्नी?"

"आजी, कुवेत म्हणजे काय तुमची वाडी आहे?" व्हिडिओतले राजाभाऊ हसले. "कुणी नर्मदा-बिर्मदा नाही आमच्याकडे."

हॉलही हसला. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'सुनंदा' लिहून बायकोचं माहेरचं नर्मदा हे नाव राजाभाऊंनीच पुसलं होतं. पुसलं आणि विसरले.

"काही प्रश्न?" त्यांनी ऐटीत विचारलं.

सुनंदा उठली. रडू फुटत होतं, तरी आवाज खणखणीत निघाला. "पुढे काय म्हणाल्या त्या? नर्मदेला काही निरोप?"

"होता काहीतरी. कापला गं, उगाच लांबत होतं."

"मग मी तिथे जाऊनच ऐकते. ती माझी आत्या आहे, आणि नर्मदा मी."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे मंडळाला ठरवता येईना.