चढावर बोलायचं नाही

इंजिन बंद पडलं तेव्हा जीपचं नाक आभाळाकडे होतं. चेन्नईबाहेरच्या त्या जुन्या खाणीचा निम्मा चढ अजून बाकी होता.

“इथूनच वळवतो,” स्टीअरिंगवरून माझा नवरा मुरली म्हणाला.

चढावर गाडी वळवायची नाही, रिव्हर्स टाकून आली तशी सरळ मागे न्यायची, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ. सासरे, वेंकटराव, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या लष्करी कारखान्यात बत्तीस वर्षं लष्करी ट्रक चढावर नेऊन तपासायचे. जेवताना ताटात भाताचा ढीग करून बोटानं शिकवायचे. सकाळीही सांगू लागले, तर मुरली हसला होता, “अप्पा, ही तुमची मिलिटरीची लॉरी नव्हे.”

आता ते मागच्या सीटवर माझ्या उजवीकडे बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही. चढावर फक्त चाक धरलेला माणूस बोलणार, बाकीच्यांनी गप्प बसायचं, हाही त्यांच्या कारखान्यातलाच नियम. अप्पा गप्प, म्हणून मीही गप्प. मांडीवर चार वर्षांची सहाना, आणि मी गप्प!

मुरलीनं स्टीअरिंग फिरवलं. जीप मागे घसरली, तिरकी झाली, डावीकडे कलंडता कलंडता थांबली. उजवं पुढचं चाक हवेत.

“हँडब्रेक धरत नाही,” मुरलीचा आवाज चिरकला. “ब्रेकवरचा पाय काढला तर गेलो.”

“काढू नकोस.” अप्पांनी पायानं वरच्या बाजूचं दार उघडून धरलं. “सुष्मिता, माझ्या अंगावरून जा. आधी पापाला दे बाहेर, सहानाला.”

“आणि तुम्ही?”

“मी उतरलो तर ही बाजू हलकी होईल. जा ग. वर उभी राहा, खाली नव्हे.”

खाणीचा राखणदार ट्रॅक्टर आणायला पळाला. सहानाला घेऊन मी वर उभी. मला फक्त उभं राहता येत होतं. अप्पा दारावरची कडी धरून अर्धे बाहेर झुकले होते, बसच्या खिडकीतून कुणाला तरी शोधावं तसे.

“अप्पा, बोला ना काहीतरी,” आतून मुरली.

“पाय दुखतोय?”

“हो.”

“दुखू दे.” मग मान आत वळवून, “मघाशीच बोलायला हवं होतं रे.”



पाऊण तासानं दोर बांधला गेला, जीप ओढून सपाटीवर आणली. मुरली उतरला आणि तिथंच मातीत बसला. अप्पा उतरेनात. कडीवरची मूठ सुटत नव्हती. मी त्यांची बोटं एकेक करून उलगडू लागले. सहानाला तो खेळ वाटला. ती तमिळमध्ये मोजू लागली, “ओण्णु, रेंडु, मूणु…”

चौथं बोट काही केल्या उघडेना. अप्पा त्याच्याकडे बघत होते, ते बोट दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.