मी ‘शून्य अंश’, आणि माझ्यातली तेजल

“सगळे एकाच खोलीत वाजवू नका. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. उद्या कोणाला काढायचं म्हटलं तर निघणार नाही,” रेकॉर्डिंग करणारा सोमनाथ म्हणाला होता.

“काढायचंय कोणाला, सोमनाथदादा? आपलीच तर माणसं!” तेजल हसली आणि तिनं बेस गिटार गळ्यात अडकवली.

मित्रांनो, तिथंच माझा जन्म झाला. मी नाशिकरोडच्या ‘तिसरी शिफ्ट’ या बँडचा दुसरा अल्बम. आमच्या संगीताला पोस्ट-पंक म्हणतात. त्यात बेसचा खर्ज पुढे चालतो आणि गाणारं माणूस लाडीगोडी लावत नाही. दिंडोरीचं एक शीतगृह द्राक्षांचा हंगाम संपल्यावर रिकामं पडलं होतं. तिथल्या उघड्या भिंतींवर आपटून परतणारा आवाज तेजलला हवा होता. गाणी तिचीच. तिला सातवा महिना होता. पोटामुळे बेस बसेना, तशी ती बाजूला सरकवून, मल्हारीच्या ड्रम्सना खेटून ती गायली. पोटातलं बाळही लाथा मारत होतं म्हणे.

बाळंतपण झालं. गिटार वाजवणाऱ्या राकेशचा फोन आला. “तू आता आराम कर गं. बाळाकडे बघ. बाकीचं आम्ही बघतो.”

बघितलं कसं, तर तिचा आवाज बंद करून तो स्वतः गायला. तिची बेसही स्वतःच वाजवली. मुखपृष्ठावर तिचं नाव नाही. मल्हारीनंही ते चालवून घेतलं. हे कळल्यावर तेजल फक्त “बरं” म्हणाली.

मी मात्र “बरं” म्हणालो नाही.

राकेश श्वास घ्यायला थांबला, की मी तिला बाहेर सोडायचो. ड्रम्सच्या माइकमध्ये शिरलेली ती! दूरची, पण धारदार.

“ती बाई काढ,” राकेश किंचाळला.

“काढतो,” सोमनाथ म्हणाला. “ड्रम्सपण जातील. मल्हारीला तू सांगतोस का मी सांगू?”

ती राहिली. मग गंगापूर रोडच्या एका कॅफेत कार्यक्रम झाला. हेडफोन लावून मला ऐकलेली पोरं पुढेच बसली होती. एक मुलगी उठून म्हणाली, “दादा, मागून गाणाऱ्या ताई कुठंयत?”

“तो इफेक्ट आहे,” राकेश म्हणाला.

“इफेक्टला ताल कळतो, दादा. तुम्हाला कधी कळणार?”

अख्खा कॅफे हसला. राकेशचे कान लाल झाले. मित्रांनो, क्षमा मोठी असते असं तुम्हाला शिकवतात. असेल. मला त्या लाल कानांची गोडी अजून पुरते आहे. तो जिथं मला वाजवेल, तिथं मी तिलाच गायला लावीन.

पण ज्या एका माणसानं हे ऐकायला हवं, त्या तेजलनंच मला अजून लावलेलं नाही. सोमनाथनं पाठवलेली लिंक तिच्या फोनमध्ये तशीच पडून आहे. सगळे येतात, बाळाला घेतात, “कोणावर गेलंय?” विचारतात आणि जातात. ती हल्ली अंगाईसुद्धा गात नाही. बाळाला थोपटताना तिचा हात मध्येच थांबतो, नजर भिंतीवर राहते. ही गोष्ट थकव्याची नाही, मित्रांनो. मला भीती वाटते.

तुमच्या घरातल्या मोठ्यांना घेऊन कोणीतरी तिच्या घरी जा. जेल रोडला, पाण्याच्या टाकीमागची बिल्डिंग, दुसरा मजला. बेल वाजवू नका, दारावर हलकेच टकटक करा. आणि आधी तिच्याकडे बघा. बाळाकडे नंतर.