मुठीच्या फेकीएवढा पट्टा

शांभवीनं चपला बांधावर काढल्या, साडी वर खोचली आणि आडव्या झालेल्या भातात पाय घातला. रात्रीच्या वाऱ्यापावसानं पीक लोळवलं होतं. दाणे भरत आलेल्या लोंब्या पाण्यात बुडाल्या होत्या.

बांधावर तिचा थोरला भाऊ गुरुराज उभा होता. पांढरी लुंगीसारखी वेष्टी, हातात मिटलेली छत्री. सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी चिखलाला पाय लागला नव्हता. रोज सकाळी यायचा, कडुनिंबाखाली उभा राहायचा, शेत पाहिल्यासारखं करायचा आणि मोपेडवरून ओरत्तनाडूला परत जायचा.

त्याच्या शेजारी सुब्रमण्यम होता. पलीकडचं सगळं रान त्याचंच. हे रानही त्याला खंडानं हवं होतं, पण हवं तर सगळं, अर्धं नको. अर्धं रान शांभवीचं, अर्धं गुरुराजचं; मध्ये बांध घातलेला नव्हता. अक्षय्य तृतीयेच्या जेवणावर गुरुराज म्हणाला होता, "येता सांबा, हिवाळी भाताचा हंगाम, तुझा. पीक उभें राहिलें तर रान तुझ्याकडे. पडलें तर चैत्रात सुब्रमण्यमला."

ती हो म्हणाली होती. तंजावूरच्या शाळेत गणित शिकवणारी बाई हरण्याच्या भीतीनं मान हलवत नाही.

उन्हाळ्यात तिनं रानात मेंढ्या बसवल्या. हिरवळीच्या खताचा धैंचा पेरला आणि फुलावर आल्यावर चिखलात गाडला. मग उंच वाढणारं जुनं लाल भात लावलं. युरियाचा एक दाणा नाही. आश्विनात पीक पिवळं दिसायला लागलं, तेव्हा चहाच्या टपरीवर लोक म्हणाले, टीचरच्या शेताला कावीळ झाली. तिनं ते ऐकलं आणि चहा संपवून उठली.

"टीचर," सुब्रमण्यम तमिळमध्ये म्हणाला. भावंडांचं तंजावुरी मराठी त्याला कळायचं, बोलायचा मात्र तमिळच. "मी आधीच सांगितलं होतं. शेणावर वाढलेलं भात उभं राहत नाही. माझं बघा."

त्याचं भात बुटकं, ताठ उभं होतं. खाली पाणी मात्र तसंच साचलं होतं. तिच्या रानातलं रात्रीचं पाणी मातीनं बरंचसं पिऊन टाकलं होतं. बगळेही सगळे तिच्याच रानात होते. त्याच्या रानात एकही नव्हता. पण बगळ्यांची साक्ष कोण धरतो?

शांभवीनं एक बुडखा उपटला. काडी जाड, काळपट हिरवी. दोन बोटांत दाबली तर केळीच्या सोपटासारखी पिचली. ती वाट काढत मधल्या भातात गेली. तिथं भात छातीपर्यंत उभं होतं. तिथला बुडखा सहज येईना. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा मुळांबरोबर काळ्या मातीचा गड्डा वर आला, त्यात गांडूळ वळवळत होतं. काडी बारीक, पिवळसर आणि कडक.

ती दोन्ही बुडखे घेऊन परत आली आणि तिनं ते सुब्रमण्यमच्या पायाशी टाकले.

"हें शेणानं झालें नाही. हा युरिया आहे. युरियानं काडी फुगते आणि पिचते. तूं टाकलास."

"मी?" तो हसला. "माझ्या रानाला पुरत नाही, तुमच्या रानात कशाला टाकू?"

"रान हवें म्हणून. मी हरावी म्हणून."

"शांभवी," गुरुराज म्हणाला. "असें कुणाच्या तोंडावर बोलूं नये."

"तोंडावर नाही तर कुठं बोलूं, अण्णा? पाठीमागं सगळें गांव बोलतेंच आहे."

सुब्रमण्यमचं हसू गेलं. त्यानं आडवं झालेलं पीक पहिल्यांदाच नीट पाहिलं. पडलेला पट्टा बांधाला लागून होता. बांधावरून एक मूठ जिथवर फेकली जाईल तेवढाच रुंद. कडुनिंबापासून सुरू झालेला. बांधाच्या कडेनं तो चालत गेला, पट्ट्याबरोबर. पुढं कालव्याचं पाणी घ्यायला बांध फोडून मोडण ठेवली होती. पट्टा मोडणीपाशी संपला. पलीकडं, त्याच बांधाला लागून, भात उभं.

"टीचर, इकडं बघा," तो म्हणाला आणि मोडण एका उडीत ओलांडून पलीकडं गेला. "मी टाकला असता तर इथं का थांबलो असतो? ही उडी आमच्याकडची म्हातारीसुद्धा मारते."

शांभवीनं मोडणीकडं पाहिलं. मग मागं वळून पाहिलं.

गुरुराज कडुनिंबाखालीच होता. उजव्या गुडघ्यावर हात ठेवून, छत्रीवर भार देऊन. हा गुडघा घरातल्या दोन पायऱ्यासुद्धा चढत नव्हता.

सुब्रमण्यमला काय कळलं आणि काय नाही, ते त्यानं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. तो पलीकडं थांबून आपल्याच पायाकडं पाहत राहिला.

"सुब्रमण्यम, माझं चुकलं," ती तमिळमध्ये म्हणाली. मग बांधाकडं चालत आली.

"किती पिवळें पडलें होतें, शांभवी," गुरुराज छत्रीच्या मुठीकडं बघत म्हणाला. "टपरीवर ते लोक काय काय बोलत होते."

"बोलूं द्यायचें होतें."

"तूं हरशील म्हणून—"

"मला मी हरलेली चालली असती, अण्णा."

मोडणीपलीकडून सुब्रमण्यमनं विचारलं, "मग काय, सर, चैत्रात बोलायचं ना?"

शांभवीनं पिशवीतून केळीच्या सोपाचे भिजवलेले दोर काढले. पडलेले बुडखे चार-चार मिळून उभे करून बांधायला हवे होते, नाहीतर लोंब्यांना पाण्यात मोड आले असते. अर्धे दोर तिनं भावापुढं धरले.

गुरुराजनं ते घेतले. छत्री कडुनिंबाला टेकवली, चपला काढून शांभवीच्या चपलांशेजारी ठेवल्या, वेष्टी गुडघ्यावर दुमडून बांधली आणि आधारासाठी हात पुढं केला.

तिनं हात दिला नाही.

"उतरा. माती धरते."

त्यानं पाय टाकला. पाय घोट्यापर्यंत गेला आणि थांबला. तो तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग वाकला, पहिला बुडखा उचलला आणि सुब्रमण्यमकडं न बघता म्हणाला,

"मधलें उभें आहे तें दिसत नाही कां रे तुला?"